बंद पडलेला ॲम्प्लिफायर आणि टीव्हीच्या वाटेनं आलेलं हवामान

२८ ऑगस्ट २००२ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ अग्निबाणानं एमएसजी-१ हा हवामान उपग्रह सोडला. 'मेटिओसॅट' या हवामान उपग्रहांच्या मालिकेच्या दुसऱ्या पिढीतला हा पहिलाच. जर्मनीतल्या डार्मस्टाट इथं मुख्यालय असलेली 'युमेटसॅट' ही युरोपीय संस्था त्याची मालक. पहिल्या पिढीचे मेटिओसॅट दर अर्ध्या तासानं तीन प्रकारच्या प्रकाशपट्ट्यांत पृथ्वीचं चित्र काढायचे. नव्या उपग्रहावरचं 'सेविरी' हे उपकरण दर १५ मिनिटांनी, १२ पट्ट्यांत चित्र काढणार होतं. ढगाचा माथा किती थंड आहे, तो बर्फाचा आहे की पाण्याचा, वाळवंटातली धूळ कुठं चालली आहे, हे सगळं त्यातून वेगवेगळं काढता येणार होतं.

सोडल्याला दोन महिनेही झाले नव्हते. १७ ऑक्टोबर २००२ रोजी उपग्रहावरचा एक पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे पाठवायचा सिग्नल ताकदवान करणारा भाग, अचानक बंद पडला. चित्र काढणाऱ्या उपकरणाला धक्का लागला नव्हता. अडचण होती ती पाठवण्याच्या बाजूला. एका ॲम्प्लिफायरनं कसलीही पूर्वसूचना न देता मान टाकल्यावर उरलेल्यांवर किती भार टाकायचा, हा प्रश्न उभा राहिला.

इथं या उपग्रहाचं काम कसं चालायचं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हवामान उपग्रहानं चित्र काढलं आणि लगेच सगळ्यांना वाटलं, असं होत नाही. सेविरीची कच्ची माहिती जर्मनीतल्या उझिंगेन इथल्या भूकेंद्रावर उतरते आणि तिथून डार्मस्टाटला जाते. तिथं ती सरळ केली जाते, प्रत्येक बिंदू नकाशावर बरोबर जागी बसवला जातो, मोजमापं दुरुस्त होतात. मूळ योजनेत हे तयार चित्र पुन्हा त्याच उपग्रहाकडे वर पाठवायचं होतं. उपग्रहानं ते युरोप-आफ्रिकेतल्या ग्रहणकेंद्रांवर प्रक्षेपित करायचं आणि केंद्रांनी आपापल्या अँटेनांनी ते झेलायचं, अशी ती योजना. म्हणजे या उपग्रहाकडे दोन कामं होती, बघणं आणि वाटणं. ॲम्प्लिफायर गेल्यावर युमेटसॅटनं बघण्याचं काम वाचवायचं ठरवलं. कच्ची माहिती खाली आणणं चालू ठेवायचं आणि वाटण्याचं काम या उपग्रहाकडून काढून घ्यायचं.

हा निर्णय ऐकायला सोपा वाटतो. पण त्या वेळी किती तरी देशांच्या हवामान खात्यांनी नव्या मेटिओसॅटवर भिस्त ठेवली होती. आफ्रिकेतल्या ५० हून अधिक देशांसाठी युरोपीय संघाच्या पैशातून 'पुमा' नावाचा प्रकल्प २००१ मध्येच सुरू झाला होता. या देशांना नव्या उपग्रहाची ग्रहणकेंद्रं बसवून द्यायची आणि माणसं शिकवून तयार करायची, हा त्याचा हेतू. यातल्या बऱ्याच देशांत हवामान रडार जवळपास नव्हतेच आणि जमिनीवरच्या वेधशाळा विरळ होत्या. ढग कुठून येतोय हे कळायला आकाशातून मिळणारं चित्र हाच मोठा आधार. जुना मेटिओसॅट काही काळ चालू राहणार होता, पण तो कायमचा नव्हता. त्याच्या जागी यायचा उपग्रह उत्तम बघतोय आणि त्यानं पाहिलेलं खार्टुम किंवा लुसाकाच्या कार्यालयात पोचत नाही, असा पेच होता.

टीव्हीच्या वाटेनं

उत्तर निघालं ते घरोघरी टीव्ही दाखवणाऱ्या उपग्रहांतून. दूरचित्रवाणीसाठी युरोपभर डीव्हीबी नावाची पद्धत रुळली होती. डीव्हीबीच्या प्रवाहात चित्र आणि आवाजाची जशी पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, जातात, तशीच संगणकाच्या फायलींची पॅकेटंही घालता येतात. उपग्रहाला काही फरक पडत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळेच शून्य-एक. ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून फिरणाऱ्या, उपग्रहांची माहिती या मार्गानं युरोपातल्या केंद्रांना पोचवण्याच्या कामाला युमेटसॅटनं त्याच सुमारास हात घातला होता. आता एमएसजीची चित्रंही त्याच वाटेला लावली गेली. युटेलसॅट कंपनीच्या १३ अंश पूर्व रेखांशावरच्या हॉटबर्ड-६ उपग्रहावर जागा भाड्यानं घेतली आणि 'युमेटकास्ट' ही सेवा उभी राहिली. एमएसजी-१ ची सेवा जानेवारी २००४ मध्ये अधिकृतपणे सुरू झाली, उपग्रहाचं नाव मेटिओसॅट-८ झालं, आणि त्याची चित्रं पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या उपग्रहावरून गेली.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे बाजारात मिळणारं साहित्य वापरणं. मूळ योजनेत प्रत्येक ग्रहणकेंद्राला खास मेटिओसॅटसाठी बनवलेली अँटेना आणि रिसीव्हर घ्यावे लागणार होते. असं साहित्य थोडंच बनतं, म्हणून महाग असतं, आणि बिघडलं की सुटा भाग परदेशातून यायची वाट बघावी लागते. युमेटकास्टसाठी युरोपात लागायची ती घरच्या टीव्हीला असते तशी छोटी डिश, तिच्यावरचा एलएनबी (डिशनं गोळा केलेला सिग्नल झेलणारा छोटा डबा), साध्या पीसीत बसणारं डीव्हीबी कार्ड, फायली झेलणारं सॉफ्टवेअर आणि परवान्याची यूएसबी किल्ली. किल्लीशिवाय मुख्य चित्रं उलगडत नाहीत, कारण ती सांकेतिक रूपात पाठवलेली असतात. कार्ड आणि डिश टीव्हीच्या प्रचंड बाजारासाठी लाखोंनी बनत होती, त्यांची किंमत त्या बाजारानं आधीच खाली आणली होती. युरोपातले हौशी आकाशनिरीक्षकसुद्धा परवाना घेऊन घरच्या गच्चीवरून ही चित्रं घेऊ लागले. जुन्या पद्धतीत अशा चांगल्या प्रतीच्या माहितीची हौस फार थोड्यांना परवडली असती.

आफ्रिकेत मात्र छोटी डिश चालली नाही. युरोपातलं प्रक्षेपण केयू बँडमध्ये, म्हणजे साधारण ११-१२ गिगाहर्ट्झवर होतं. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे मुसळधार पावसात त्या चांगल्याच शोषल्या आणि विखुरल्या जातात. महाराष्ट्रात ज्यांच्या घरी डीटीएच आहे त्यांना जुलैतल्या सरींत पडद्यावर येणारी 'सिग्नल नाही' ही पाटी माहीत असते. तीही केयू बँडचीच सेवा. विषुववृत्तीय आफ्रिकेत वादळ डोक्यावर असताना, म्हणजे नेमकं चित्राची गरज असतानाच, ग्रहणकेंद्र आंधळं झालं असतं. म्हणून तिथं सी बँड निवडला गेला. सुमारे ४ गिगाहर्ट्झच्या, सात-साडेसात सेंटिमीटर लांबीच्या लहरी पावसाला फार जुमानत नाहीत. त्याची किंमत डिशच्या आकारात मोजावी लागते. हातात उचलून गच्चीवर नेता येणारी डिश न राहता काही मीटर व्यासाची, काँक्रीटच्या पायावर बसवायची डिश आली. त्या देशांच्या दृष्टीनं हा सौदा योग्यच होता. पाऊस बघायचं साधन पावसातच बंद पडत असेल तर ते बसवण्यात अर्थ नाही.

पोच न देणारा रस्ता

इंटरनेटवर फाइल उतरवताना आपलं यंत्र आणि पाठवणारं यंत्र सतत बोलत असतात. हे पॅकेट मिळालं, ते नाही मिळालं, पुन्हा पाठव. उपग्रहावरून हजारो ठिकाणी एकदम फाइल टाकताना हे बोलणंच नसतं. डिश फक्त ऐकते. डार्मस्टाटला एखाद्या केंद्रावर फाइल पोचली की नाही, तिथं वीज आहे की नाही, पीसी चालू आहे की नाही, काहीच कळत नाही. फायदा असा की ऐकणारे दहा असोत की तीन हजार, पाठवायचा खर्च तोच. तोटा असा की चुकलेलं परत मागता येत नाही.

त्यामुळे पाठवणाऱ्याला चूक होणारच असं धरून आधीच तजवीज करावी लागते. त्यासाठी मूळ पॅकेटांच्या जोडीला हिशेबानं काढलेली जादा पॅकेटं पाठवतात. किराणा दुकानातल्या बिलावर पाच वस्तूंचे दर आणि खाली एकूण रक्कम असते. एखादा आकडा पाण्यानं पुसला गेला तरी बेरजेवरून तो काढता येतो. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच पुढचं आहे, पण तत्त्व हेच. ठरावीक प्रमाणापर्यंत पॅकेटं हरवली तरी ग्रहणकेंद्रावरचं सॉफ्टवेअर ती स्वतःच भरून काढतं. त्यापलीकडे हरवली तर फाइल गेली. केंद्रावरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉग फाइलमध्ये, किती पॅकेटं हरवली आणि किती भरून निघाली याचे आकडे पडत राहतात. अनुभवी माणसं रोज सकाळी चित्राच्या आधी ते आकडे बघतात, कारण भरून निघालेल्यांचा आकडा हळूहळू चढू लागला की डिश किंचित हलली असावी किंवा एलएनबीत पाणी शिरलं असावं हे फायली हरवायच्या आधीच कळतं.

दुसरी तजवीज फाइलच्या आकाराची. सेविरीचं एका पट्ट्यातलं पूर्ण चित्र ३७१२ बाय ३७१२ बिंदूंचं, म्हणजे एक कोटी ३७ लाखांहून जास्त बिंदू. ते अख्खं एका फाइलीत पाठवलं तर एक झटका बसला की सगळं चित्र गेलं. म्हणून ११ पट्ट्यांतलं प्रत्येक चित्र ४६४ ओळींच्या ८ आडव्या तुकड्यांत कापलं जातं. बारावा पट्टा जास्त बारकाव्याचा, त्याचे २४ तुकडे. जोडीला एक सुरुवातीची आणि एक शेवटची फाइल, ज्यांत वेळ, उपग्रहाची स्थिती, मोजमापांचे गुणक असतात. बेरीज होते ११४ फायली, दर १५ मिनिटांनी. दिवसाच्या ९६ फेऱ्यांत जवळपास ११ हजार फायली होतात, आणि हे फक्त एका उपग्रहाचं झालं. एखादा तुकडा हरवला की तयार चित्रात तेवढाच आडवा काळा पट्टा दिसतो. बाकीचं चित्र कामाचं राहतं. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे स्कॅन करत येतो, त्यामुळे पहिला तुकडा दक्षिणेचा असतो. हरारेच्या अंदाजकर्त्याला आपल्या डोक्यावरच्या ढगाचं काम सुरू करायला स्कँडिनेव्हियाचा तुकडा येईपर्यंत थांबायची गरज नसते. माहिती कुठं कापायची हे वापरणाऱ्याच्या कामाकडे बघून ठरवलं की त्याची मिनिटं वाचतात, आणि वादळाच्या दिवशी ती मिनिटं फार मोलाची असतात.

शेवटचे काही मीटर

अनेक केंद्रांवर फायली हरवत होत्या आणि सिग्नल मात्र उत्तम होता. युमेटकास्टच्या वापरकर्त्यांत हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडं थांबायलाच हवं. माहिती उपग्रहावरून ३६ हजार किलोमीटर खाली सुखरूप यायची आणि डिशपासून हार्डडिस्कपर्यंतच्या काही मीटरांत सांडायची.

कारण एकतर्फी रस्त्याचंच. ग्रहणकेंद्रावरचा पीसी क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला, तर पाठवणारा थांबत नाही. अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल उघडून तपासतोय, चित्र जुळवणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवरून हजारो छोट्या फायली वाचतंय, आणि डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावतंय, असं झालं की आलेली पॅकेटं लिहायला जागा मिळत नाही. यावरचे उपाय साधे निघाले. फायली झेलणारा पीसी वेगळा ठेवायचा आणि त्यावर दुसरं काहीच चालवायचं नाही. तात्पुरत्या फायलींसाठी डिस्कऐवजी मेमरीचाच भाग राखायचा. फायली येतात तो फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळायचा. चित्रं बनवायचं काम नेटवर्कनं जोडलेल्या दुसऱ्या पीसीवर. यात कसलंही मोठं तंत्रज्ञान नाही, पण ही पथ्यं पाळणाऱ्या केंद्राची चित्रं अखंड असायची आणि न पाळणाऱ्याच्या चित्रांत काळे पट्टे. आफ्रिकेत वीज जाण्याचा प्रश्न याहून मोठा. तिथं यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या वेळेवर बदलणं आणि वीज आल्यावर पीसी व सॉफ्टवेअर आपोआप सुरू होणं, या गोष्टी डिशइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

वर्षातून दोनदा आणखी एक अडथळा येतो, त्याला मात्र इलाज नाही. विषुवदिनाच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर दूरसंचार उपग्रहाच्या मागून जातो. डिश उपग्रहाकडे बघते तेव्हा सूर्याकडेही बघते, आणि सूर्याच्या गोंगाटात सिग्नल काही मिनिटं बुडतो. वेळा आधी काढता येतात, त्यामुळे निदान कोणी त्या मिनिटांत डिशचे बोल्ट सैल करायला गच्चीवर जात नाही.

भाड्याच्या घराचे त्रासही होते. दूरसंचार उपग्रह दुसऱ्याचा असल्यामुळे करार बदलला की जागा बदलते. २००८ मध्ये युरोपची सेवा १३ अंश पूर्वेवरून ९ अंशांवर गेली. पुढे २०१४ मध्ये ती १० अंशांवरच्या युटेलसॅट-१०ए उपग्रहावर आणि डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीवर गेली, तेव्हा डिश वळवण्याबरोबरच जुनी कार्डंही अडगळीत टाकावी लागली. दोन्ही वेळा जुनं आणि नवं प्रक्षेपण काही काळ समांतर चालू ठेवलं गेलं. हे समांतर चालवणं खर्चिक असतं, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही. पोच न देणाऱ्या व्यवस्थेत सगळे नव्या जागेवर पोचले का, हे पाठवणाऱ्याला कळणारच नसतं. मग लोकांना वेळ देणं एवढंच त्याच्या हातात उरतं.

परत न फिरलेली वाट

डिसेंबर २००५ मध्ये एमएसजी-२ सोडला गेला. तोपर्यंत मुख्य वितरण युमेटकास्टवर पक्कं झालं होतं आणि ते तिथंच राहिलं. २००६ मध्ये मेटिओसॅट-७ शून्य अंशावरून हिंदी महासागराकडे हलवला गेला आणि युरोप-आफ्रिकेतलं पहिल्या पिढीचं प्रक्षेपण संपलं. तेव्हा पुमाची केंद्रं नव्या पद्धतीवर उभी होती. त्याच वर्षी मेटॉप-ए हा ध्रुवीय उपग्रह गेला, त्याचीही माहिती याच प्रवाहात आली. पाठोपाठ वनस्पतींची हिरवाई, समुद्राचं तापमान, वणवे, वाळवंटी धूळ असं बरंच काही. एका डिशमधून हे सगळं मिळू लागलं, कारण बघणारा उपग्रह आणि वाटणारा उपग्रह वेगळे झाले होते. मूळ योजना सुरळीत पार पडली असती, तर प्रत्येक नव्या उपग्रहासाठी नवी अँटेना हाच शिरस्ता बहुधा बराच काळ चालला असता. १३ डिसेंबर २०२२ रोजी सोडलेल्या तिसऱ्या पिढीच्या मेटिओसॅटची चित्रंही युमेटकास्टवरूनच जातात. आता दर १० मिनिटांनी १६ पट्ट्यांत चित्र येतं आणि पूर्ण पृथ्वीची एक फेरी ४० तुकड्यांत कापलेली असते.

मेटिओसॅट-८ चं पुढं काय झालं, हे आपल्या किनाऱ्यासाठी महत्त्वाचं आहे. आयुष्य सात वर्षांचं धरून बांधलेला, सुरुवातीलाच ॲम्प्लिफायर गमावलेला हा उपग्रह २०१६ मध्ये ४१.५ अंश पूर्वेला, हिंदी महासागरावर आणला गेला. अरबी समुद्र त्याच्या नजरेच्या ऐन टप्प्यात. ओखी, निसर्ग, तौक्ते ही तिन्ही वादळं त्यानं दर १५ मिनिटांनी टिपली. त्या काळात भारताचं मुख्य काम इन्सॅटच्या ३डी आणि ३डीआर उपग्रहांवर चालायचं, मेटिओसॅटची चित्रं ही जोडीला मिळणारी दुसरी नजर. २०२२ मध्ये त्याची जागा मेटिओसॅट-९ नं घेतली आणि जवळपास २० वर्षांच्या सेवेनंतर तो निवृत्त झाला.

युमेटकास्टचं युरोपीय प्रक्षेपण महाराष्ट्रात पोचत नाही. इथं ही चित्रं बघायची ती इंटरनेटवरूनच. आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा इंटरनेटच गेलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले, मोबाईल टॉवर बंद पडले, गावं कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी पावसातही चालणारी डिश, एक बॅटरी आणि एकतर्फी उतरणाऱ्या फायली एवढं तालुक्याच्या आपत्ती कक्षात असतं, तर वरून येणारं चित्र आणि सूचना चालू राहिल्या असत्या. हे तंत्र आपल्याला नवं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादची 'इन्कॉइस' ही महासागरांची माहिती पुरवणारी सरकारी संस्था आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मच्छीमारांसाठी 'जेमिनी' हे यंत्र आणलं. 'गगन' या उपग्रह यंत्रणेवरून वादळाचा इशारा आणि मासळीच्या ठिकाणांची माहिती मोबाईलच्या पट्ट्याबाहेर गेलेल्या होडीवर त्या यंत्रात उतरते आणि ब्लूटूथनं फोनवर दिसते. तेही एकतर्फी, तांडेलाला परत काही कळवता येत नाही.

म्हणून युमेटकास्टच्या केंद्रांवर रोज लॉग बघायची जी सवय आहे, ती इथं बंदरावर लावायला हवी असं मला मनापासून वाटतं. हंगामात ठरलेल्या दिवशी एक चाचणी संदेश सोडावा, होड्या परत आल्या की तो कोणाच्या यंत्रात उतरला आणि कोणाच्या नाही हे मच्छीमार सोसायटीनं विचारून लिहून ठेवावं, आणि ज्यांच्याकडे उतरला नाही त्यांचं यंत्र, बॅटरी, अँटेनाची जागा पुढच्या फेरीआधी तपासून द्यावी. यंत्रं किती वाटली हा आकडा सहज मिळतो; चाचणी संदेश किती होड्यांवर उतरला हा आकडा असा बंदरावरच गोळा करावा लागेल.